धुराडं उरलं, गिरणी कुठं गेली?

उरणहून मुंबईला जायला आता दोन वाटा आहेत. जुनी वाट पाण्यावरची. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. नवी वाट पाण्याच्या वरून जाते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू चिर्ल्याकडून निघतो आणि २१.८ किलोमीटर अंतर कापून शिवडीला टेकतो. दोन्ही वाटा आपल्याला मुंबईच्या ज्या बाजूला सोडतात, तिथून गिरणगाव हाकेच्या अंतरावर आहे. शिवडी, लालबाग, काळाचौकी, परळ. या भागात फिरताना उंच काचेच्या इमारतींच्या मधे एखादं विटांचं धुराडं अजून दिसतं. त्यातून धूर येत नाही. कुठं त्याला रोषणाई केलेली असते, कुठं त्यावर पिंपळ उगवलेला असतो.

त्या धुराड्याकडे बघून मला नेहमी एक प्रश्न पडतो. कारखाना बंद पडला, माणसं गेली, यंत्रं भंगारात गेली. मग मागे उरलेल्या इमारतीचं करायचं काय? पाडायची, विकायची, की वापरायची? आणि वापरायची तर कुणासाठी?

हा प्रश्न मुंबईचा आहे आणि आम्हा उरणकरांचाही आहे. उरण म्हटलं की आज लोकांना बंदर आणि कंटेनरच्या रांगा आठवतात. पण या गावाला उद्योग नवा नाही. इथली मिठागरं फार जुनी. इंग्रजी अमदानीत उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचंही मोठं केंद्र होतं. भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. मोहाची फुलं यायची थेट पंचमहालाकडून आणि तयार माल जायचा खाडीपलीकडे मुंबईत. पुढं १८९२ साली मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर बंधन घालणारा कायदा सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी केला, त्यावरून या फुलाचं इथल्या अर्थकारणातलं वजन लक्षात यावं. आणि आमच्या मोऱ्याला १९४१ साली घासाईची चाकं, म्हणजे ग्राइंडिंग व्हील बनवणारा कारखाना सुरू झाला. देशात या धंद्याची सुरुवातच तिथून झाली, असं सांगितलं जातं.

मुंबईच्या कष्टकऱ्याच्या जेवणात आमचं मीठ होतं आणि दिवसभराच्या पाळीनंतर त्याच्या पेल्यात आमच्या भट्टीचा माल होता. उरण आणि गिरणगाव यांचं नातं असं जुनं आहे, थोडं खारट आणि थोडं कडवट. म्हणून उरणच्या जुन्या भिंतींचा विचार करायचा तर आधी गिरणगावच्या भिंतींचं काय झालं, ते बघावं लागतं.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची. ताडदेवला १८५६ मध्ये तिचं काम सुरू झालं. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या पैशातून आणि नंतरच्या व्यापारातून एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या.

या गिरण्यांची इमारत एका विशिष्ट आकाराची का असायची, हे समजून घेण्यासारखं आहे. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असे. त्या दातांची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो. तुटलेला धागा दिसायला तसाच उजेड लागतो. आत ओतीव लोखंडाचे खांब, ठराविक अंतरावर, कारण त्यांच्यामधून साच्यांच्या रांगा बसवायच्या. सुरुवातीच्या काळात एकच मोठं वाफेचं इंजिन असे आणि त्याची ताकद लांबच लांब दांड्यांवरून आणि पट्ट्यांवरून सगळ्या यंत्रांपर्यंत पोचे. इंजिनासाठी बाहेर तलाव. बॉयलरला हवेचा ओढा मिळावा म्हणून उंच धुराडं. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून आतली हवा मुद्दाम दमट ठेवलेली. त्या दमट, गरम हवेत कापसाचे तंतू उडत आणि माणसाच्या छातीत जाऊन बसत. थोडक्यात, त्या इमारतीत शोभेची म्हणून फार थोडी गोष्ट होती. खिडकी, खांब, तलाव, धुराडं, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं.

माणसांनाही कामं नेमून दिलेली होती. कोकणातला आणि घाटावरचा मराठा गडी, उत्तरेकडून आलेला आणि मदनपुऱ्यात वसलेला मोमीन विणकर, यांची साचेखात्यात गर्दी. बाया वाइंडिंग आणि रिलिंगला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कामगारांमध्ये पाचात जवळपास एक बाई होती, नंतर ते प्रमाण घसरत गेलं. साचेखात्यात पगार बरा, पण दलित कामगाराला तिथं प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून काढावा लागे. एकाचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार, म्हणून शिवाशिव. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या भिंतींच्या आत एकी होती, तशी ही भिंतही होती. गिरणीची आठवण ठेवायची तर दोन्ही ठेवायला हव्यात.

मी कविता लिहितो, म्हणून आणखी एक कर्ज सांगितलंच पाहिजे. मराठी कवितेला गिरणीनं किती दिलं! नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून घरी नेणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते आणि सुर्व्यांनी स्वतःही कोवळ्या वयात गिरणीत काम केलं. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, तेही गिरणीत राबलेले. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात त्यांचा आवाज गिरणगावच्या मैदानांत घुमला. माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या मुलाला मराठीत लिहिण्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही, हे मला आधी अमर शेखांमुळे कळलं. आमच्या कोकणी मुसलमानांतली माणसं गिरणीपेक्षा बोटीवर जास्त गेली. तरी गिरणीचं हे देणं माझ्यापर्यंत पोचलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. कामगार पांगले. कुणी गावी गेले, कुणी रखवालदार झाले, कुणाच्या बायकांनी पोळ्या लाटून घर चालवलं. गिरण्या मात्र शहराच्या ऐन मध्यावर, सुमारे ६०० एकर जमिनीवर उभ्या होत्या. एकूण ५८ गिरण्या. त्यातल्या २५ केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, एक राज्याच्या महामंडळाकडे आणि ३२ खासगी.

१९९१ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर तिचे साधारण तीन भाग करायचे. एक भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. ऐकायला किती न्याय्य! पण जुन्या इमारती न पाडता त्यांचा वापर बदलला, तर ही वाटणी टळत होती. त्यामुळे अनेक ठिकाणी गिरणीच्या भिंती राहिल्या आणि आत दुकानं, कचेऱ्या, उपाहारगृहं आली. मग २००१ मध्ये नियमाला दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारत पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा अशी असून असून किती असणार? शहराचा आणि घरांचा वाटा एकदम आक्रसला. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ चा नियम वैध ठरवला. प्रश्न तिथं मिटला.

म्हणजे गंमत बघा. जुनी इमारत जपणं ही चांगली गोष्ट, असं आपण म्हणतो. पण इथं कधी इमारत जपल्यानं लोकांचा वाटा टळला आणि कधी ती पाडल्यानंही टळला. भिंत राहिली की नाही, एवढंच बघून चालत नाही, हा गिरणगावचा पहिला धडा.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची कंपनी. तिच्या आवारात आधी बोलिंगचा खेळ आला, मग दुकानं, मग मोठा मॉल. धुराडं तिथं अजून उभं आहे. जवळच कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि गच्चीवरची उपाहारगृहं झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री तिथं आग लागून १४ जण गेले. ज्या आवाराची रचना एका कामासाठी झाली, तिथं दुसरं काम घुसवताना बाहेर पडायच्या वाटा, पाणी, गच्ची यांचा हिशेब नव्यानं करावा लागतो. तो न करता नुसती सजावट बदलली तर काय होतं, ते त्या रात्री दिसलं.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर अशाच एका मॉलमध्ये गेलो होतो. मूळचे पोलादपूरकडचे, गिरणीत वीस वर्षं साचे चालवलेले. मुलगा बंदरात नोकरीला, म्हणून आता उरणला असतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, पण समोरच्याच्या ओठांवरून बोलणं बरोबर कळतं. साच्यांच्या खडखडाटात सगळेच असं बोलायला शिकतात, म्हणाले.

आत गेल्यावर आबा दुकानांकडे बघेचनात. मान वर करून छप्पर शोधत होते. छताखाली दुसरं छत घातलेलं, त्यामुळे काही दिसेना. मग एका कोपऱ्यात एक लोखंडी खांब सापडला, चकचकीत रंग दिलेला. आबांनी त्याला हात लावला आणि पावलं मोजत पुढच्या खांबापर्यंत गेले.

"शायरसाहेब, इथं चार साचे मावायचे," ते म्हणाले.

मग एका दुकानात त्यांनी टांगलेल्या शर्टाचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरलं, उजेडाकडे केलं, थोडं ताणून बघितलं. विक्रेता मुलगा जवळ आला. तो अदबीनं बोलला, पण त्याची नजर त्या शर्टावरून हलेना. आबांनी विचारलं, "कापड कुठलं?" मुलानं गळ्यापाशी शिवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. माल परदेशातला होता. आबा "चांगला आहे" म्हणाले आणि शर्ट परत जागेवर ठेवला. त्या सगळ्या आवारात, इथं पूर्वी काय विणलं जाई, कोण विणत असे, हे सांगणारी एकही पाटी मला दिसली नाही. मी नंतर त्या मुलाला विचारलं, ही जागा आधी काय होती? तो म्हणाला, "काहीतरी कारखाना होता वाटतं."

त्या मुलाचा यात काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नाही. कदाचित त्याचा आजाच तिथं कामाला असेल.

मग वेगळं काही करता येतं का? येतं. लंडनमध्ये थेम्सच्या काठी वीज बनवणारा एक प्रचंड कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. तो न पाडता त्याचं आधुनिक कलेचं संग्रहालय केलं, ते २००० मध्ये टेट मॉडर्न या नावानं उघडलं. जिथं जनित्रं होती ते दालन तसंच उंच आणि रिकामं ठेवलं, म्हणून आत शिरताच कळतं की इथं पूर्वी काहीतरी अवाढव्य चालत होतं. अमेरिकेतल्या लोवेल या गावी जुन्या कापड गिरणीच्या संग्रहालयात खरे साचे चालवून दाखवतात. आवाज इतका, की बघायला येणाऱ्यांना कानात घालायला बोळे देतात. आबांच्या कानांचं काय झालं, ते तिथं पाच मिनिटांत कुणालाही समजेल.

इतक्या लांब तरी कशाला जा? औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आहे. कित्येक मैलांवरून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं, अशी अठराव्या शतकातली ही योजना. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी तिथं पीठ दळलं जाई. आज तिथं पीठासाठी कुणी जात नाही, फिरायला जातात. पण तिथं गेलेल्या शाळकरी पोरालाही दोन गोष्टी कळतात. दळण कसं व्हायचं आणि कुणासाठी व्हायचं. जुन्या कारखान्याकडून आपल्याला याहून जास्त काय हवं असतं?

मुंबईतही प्रयत्न झाले नाहीत असं नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. ते वर्षानुवर्षं रेंगाळत आलं आहे. दादरची इंदू मिल हीदेखील त्याच इंडिया युनायटेड समूहातली. तिथली गिरणी राहिली नाही, ती जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी दिली गेली. साचेखात्याचं दार सर्वांना उघडावं म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यांचं स्मारक गिरणीच्याच जमिनीवर व्हावं, हे मला फार योग्य वाटतं. तिथं कुठंतरी त्या धोट्याची गोष्टही सांगितली जावी. आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी शंभर माणसांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास पुस्तकात आणला. इमारत गेली तरी माणसाचं बोलणं टिकवता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आणि घरं? २०१२ मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज आले होते लाखाच्या वर. २०१६ च्या सोडतीत २,४१७ घरं निघाली, ती मुंबईत नव्हे, आमच्या रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळच्या कोन गावी. करोनाच्या साथीत ती घरं विलगीकरणासाठी घेतली गेली आणि चाव्या हातात पडायला आणखी वर्षं गेली. ज्यांनी ऐन मुंबईत आयुष्य काढलं, त्यांना घरासाठी खाडी ओलांडावी लागली. गिरणीच्या जागेवर मॉल उठला म्हणून मला राग नाही. लोकांना कामधंदा हवा, शहर बदलणारच. पण ज्यांच्या घामानं ती जमीन मोलाची झाली, त्यांना वाटणीत शेवटी उभं केलं, ही सल मात्र जात नाही.

आता उरणकडे वळतो. जमिनीच्या वाट्याचा हिशेब आम्हालाही नवा नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढं आलं. तिकडे एक तृतीयांश, इकडे साडेबारा टक्के. आकडे वेगळे, पण मागणी एकच. ज्याच्या पायाखालची जमीन जाते, त्याचं नाव कागदावर राहू द्या.

१९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. आता पूल आला, लोकल गाडी उरणपर्यंत आली, जमिनीचे भाव चढले. जे १९९१ मध्ये गिरणगावात घडायला लागलं, त्याच्या उंबरठ्यावर आज आम्ही आहोत. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या गावात जुनं गोदाम, मिठाची कोठारं, भट्टीचा चौथरा, बंद कारखान्याची शेड, जे काही उरलं असेल त्याची आधी एक यादी करू या. शाळेतली मुलंसुद्धा हे काम करू शकतील. इमारत कुठं आहे, तिथं काय बनत होतं, कुणाच्या घरातलं कोण तिथं कामाला होतं. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घेऊ. मिठागरात पाणी कसं घेतात, मीठ कुठल्या महिन्यात धरतं, ते कसं ओढतात, हे हातानं केलेली माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

यादी झाली की मग ठरवता येईल. काही इमारती खरंच पडायला आलेल्या असतील, त्या पाडाव्या लागतील. काहींमध्ये वाचनालय होईल, व्यायामशाळा होईल, मासळी सुकवणाऱ्या बायांसाठी कोठार होईल. एखाद्या ठिकाणी दुकानंही होऊ द्यात. फक्त दोन गोष्टी मागून घेऊ. त्या आवारात आपल्या माणसांना बिनदिक्कत शिरता आलं पाहिजे. आणि दाराशी, साध्या मराठीत, इथं काय काम होत होतं आणि कोण करत होतं, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. आबांसारखा कुणी नातवाचा हात धरून आला, तर त्याला खांब शोधत फिरावं लागू नये. नातवानं ती पाटी वाचावी आणि आबांनी त्यातल्या चुका काढाव्यात.